न भिजवणारा पाऊस

सातारकर आणि सांगलीकर एके ठिकाणी भेटले की पहिली दहा मिनिटे पाण्याच्या गोष्टी व्हायच्याच. सातारकर म्हणणार, पाऊस पाहावा तर आमच्याकडचा. सांगलीकर म्हणणार, पाऊस असेल तुमचा, पण पाणी येते आमच्याकडे, त्याचे काय? दोघांचेही खरे आहे. महाबळेश्वरच्या आणि कोयनेच्या डोंगरांवर जे कोसळते ते कृष्णामाई पदरात घेऊन खाली आणते, आणि २००५ साली किंवा २०१९ साली आणले तसे एखाद्या वर्षी सांगलीच्या पेठेत थेट दुकानांच्या आत आणून सोडते. माझा जन्म साताऱ्याचा आणि बहीण दिली सांगलीला. त्यामुळे या वादात मी गेली तीस-पस्तीस वर्षे दोन्ही बाजूंनी बोलत आलो आहे.

पण या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास साताऱ्याहून सांगलीला गेलो तो एका निराळ्याच पावसाच्या गोष्टी ऐकत. हा पाऊस बारा महिने तेरा त्रिकाळ पडतो. ऊन असो, चांदणे असो, त्याला खंड नाही. छत्री, कौले, स्लॅब यांची तो पर्वा करीत नाही. वाचकांनी हा अंक ज्या हातात धरला आहे त्या हातावरही तो आत्ता पडतो आहे. तळहाताएवढ्या जागेवर सेकंदाला एखादा थेंब, असा त्याचा साधारण हिशेब. आणि इतके असून कुणी भिजत नाही! शास्त्रज्ञ मंडळी याला विश्वकिरण म्हणतात.

ही माहिती मला पुरवणारे गृहस्थ म्हणजे माझा भाचा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पदार्थविज्ञान घेऊन तो एम. एस्सी. झाला आणि घरी एका आठवड्यात दोन पत्रे आली. एक पुण्याच्या एका संगणक कंपनीचे. त्यातला पगाराचा आकडा वाचून माझ्या बहिणीने देवापुढे साखर ठेवली. दुसरे पत्र उटीचे. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची विश्वकिरणांची प्रयोगशाळा आहे, आणि चिरंजीवांनी मागच्या उन्हाळ्यात तिथे दोन महिने उमेदवारी केली होती. या दुसऱ्या पत्रातला आकडा पहिल्याच्या निम्माही नव्हता, आणि चिरंजीवांना हेच पत्र अधिक आवडले होते.

बहिणीचा फोन आला. "दादा, तो शिवरात्रीला तुझ्याकडे येतोय. सांगलीला येताना तूच त्याला घेऊन ये. आणि वाटेत दोन शब्द सांग. तुझं ऐकतो तो."

साताऱ्याहून सांगली सुमारे सव्वाशे किलोमीटर. दोन शब्द सांगायला एवढे अंतर पुष्कळ झाले.

महाशिवरात्रीला यवतेश्वराला जायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. पूर्वी आम्ही मुले समर्थ मंदिराकडून पायी चढत असू. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे रिक्षा करावी लागते. दर्शनाची रांग, बेलाची पाने, मंडपातली साबुदाण्याची खिचडी हे सगळे यथासांग झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, जरा कासच्या रस्त्याने पुढे जाऊ या." कासचे पठार म्हटले की लोकांना भाद्रपदातली फुले आठवतात. माघात तिथे फुलाचे नाव नसते. सगळा काळा-तांबडा कातळ उघडा पडलेला, गवत वाळून कुसळे झालेले. एका कातळावर सतरंजी टाकून आम्ही तिघे बसलो. खाली साताऱ्याचे दिवे, मागे काळोख. चतुर्दशीचा चंद्र उगवायचा तो पहाटे. माथ्यावर मृग नक्षत्र आणि त्याच्या मागे लागलेला व्याध असे लखलखत होते, की आमच्या सौभाग्यवतींनी मफलरीतून तोंड बाहेर काढून दोनदा हात जोडले.

"अशी रात्र मिळावी म्हणून तिकडे अर्जेंटिनात लोक महिना महिना वाट पाहतात," भाचा म्हणाला.

आणि गाडी रुळावर आली.

त्याने सांगितले ते माझ्या शब्दांत सांगतो. आकाशातून, कुठून ते नक्की ठाऊक नाही, अतिसूक्ष्म कण पृथ्वीकडे येत असतात. बहुतेक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे, काही हेलियमची, आणि थोडी त्याहून जड, थेट लोखंडापर्यंतची. वेग जवळजवळ प्रकाशाचा. असा एखादा कण आपल्या डोक्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर हवेतल्या अणुकेंद्रावर आदळतो आणि फुटतो. त्याचे तुकडे पुढच्या अणूंवर आदळतात, त्यांचे आणखी तुकडे. एकाचे दहा, दहाचे हजार, हजाराचे लाख. दिवाळीत बाण वर जाऊन फुटतो आणि त्याचा फुलोरा खाली उतरतो, तसे समजा. फक्त हा बाण वरून खाली येतो. जमिनीपर्यंत पोचेतो त्याचा एक अवाढव्य मांडा झालेला असतो. रुंदी शेकडो मीटर, जाडी जेमतेम मीटर-दोन मीटर. हा मांडा प्रकाशाच्या वेगाने जमिनीवर येऊन पडतो. हीच ती विश्वकिरणांची सर.

या किरणांचा पत्ता लागला तो १९१२ साली. व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ बलूनमध्ये बसून पाच किलोमीटरहून उंच गेला, आणि वर जावे तसा हा मारा वाढतो असे त्याला आढळले. १९३८ साली पिएर ओझे या फ्रेंच शास्त्रज्ञाने आल्प्सच्या पहाडात दूर दूर मोजयंत्रे ठेवून पाहिली, तर दोन्ही एकाच क्षणी वाजत. म्हणजे दोन्हींवर पडणारे थेंब एकाच सरीचे! आणि ही सर हवेत कशी वाढत जाते, याचे गणित त्याच्या आधीच्याच वर्षी दोघांनी मिळून मांडले होते: एक जर्मनीचे हाइटलर आणि दुसरे आपले होमी भाभा. वय वर्षे सत्तावीस. पुढे १९३९ साली भाभा सुट्टीवर हिंदुस्थानात आले, युद्ध सुरू झाले, परत जाता आले नाही, बंगलोरला राहिले, आणि १९४५ साली टाटा संस्था उभी राहिली. अणुशक्तीचे भाभा सर्वांना माहीत असतात. त्यांचा मूळ जीव या सरींत होता हे फारसे कुणाला माहीत नसते.

"बरं, सर पडली. मोजली. संपलं," मी म्हणालो. "त्यात जन्म घालवण्यासारखं काय आहे?" हे माझे दोन शब्दांचे पहिले प्रकरण होते.

"मामा, वरून आलेला मूळ कण वरच संपतो. आपल्या हाती लागतात ते थेंब. पतवंडांचे चेहरे पाहून खापरपणजोबा कसा दिसत होता, कुठल्या गावचा होता, किती ताकदीचा होता, ते सांगायचं आहे. एका पतवंडाला पाहून सांगता येईल?"

यावर आमच्या सौभाग्यवतींनी, आपल्या माहेरच्या एका घराण्यात सगळ्यांची नाके आजोबांची कशी आहेत, ते थोडक्यात सांगितले. थोडक्यात म्हणजे दहा मिनिटांत.

तर अर्जेंटिनातली गोष्ट. तिथल्या माळावर ओझेच्याच नावाची वेधशाळा आहे. क्षेत्रफळ ३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याच्या पाव हिश्शाहून मोठे! त्यात दीड-दीड किलोमीटरवर सोळाशेहून अधिक पाण्याच्या टाक्या मांडल्या आहेत. पाणी शुद्ध, टाकी आतून मिट्ट काळोखी. कण त्यातून गेला की निळसर प्रकाशाची लकेर उमटते आणि ती आतले यंत्र टिपते. एका टाकीत बारा हजार लिटर पाणी.

"बारा हजार लिटर!" सौ. म्हणाल्या. "माण-खटावला उन्हाळ्यात एवढा टँकर आला तर अख्खी वाडी रांग लावते. आणि हे लोक नुसतं कोंडून ठेवतात?"

टाक्या रात्रंदिवस जाग्या असतात, पण त्यांना फक्त जमिनीवर पडलेले कळते. म्हणून माळाच्या कडेने सत्तावीस दुर्बिणी बसवल्या आहेत. सर खाली येताना हवेतला नायट्रोजन अगदी मंद, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देतो. तो या दुर्बिणी पाहतात. सर कुठे सुरू झाली, कुठे ऐन भरात आली, हे त्यांना आकाशातच दिसते आणि कणाची शक्ती थेट मोजता येते. पण चंद्र असला की त्या आंधळ्या, ढग आले की आंधळ्या. सात तासांतला एखादा तास त्यांच्या वाट्याला येतो. आपल्याकडे अंध-पंगू न्याय सांगतात तो हाच: आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, एकाचे पाय, दुसऱ्याचे डोळे. ज्या रात्री दोघांनीही एकच सर पाहिली, त्या रात्रीच्या हिशेबावरून टाक्यांचा काटा लावून घ्यायचा, आणि मग बाकीचे सगळे दिवस एकट्या टाक्यांवर विसंबायचे. पुढे त्यांनी टाक्यांवर आणखी चमकणारे पट बसवले, रेडिओ-लहरी टिपणारे खांब बसवले. साक्षीदार जितके अधिक आणि जितके निराळ्या स्वभावाचे, तितकी साक्ष पक्की.

एवढा खटाटोप का, तर सर्वांत ताकदवान कण फार दुर्मिळ असतात. एक चौरस किलोमीटर जागेत शंभर वर्षांतून एखादा. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेत युटाच्या वाळवंटात अशी एक सर दिसली. तिच्या मूळच्या एका कणात, ताशी नव्वद किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूएवढी शक्ती होती. अणूहूनही लहान वस्तूत चेंडूची ताकद! असा चेंडू विश्वात कोण टाकतो, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

थंडी वाजू लागली तेव्हा आम्ही उठलो. दुसरे प्रकरण दुसऱ्या दिवसावर टाकले.

सकाळच्या एस.टी.ने कराड. आता रस्ता रुंद झाला आहे, गाड्या सुसाट जातात, आणि वाटेतली गावे उड्डाणपुलांखाली दिसेनाशी होतात. पूर्वी प्रत्येक गावाला बस थांबे, शेंगा आणि ऊस खिडकीत येत. कराडला मात्र उतरल्यावर प्रीतिसंगमावर गेल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दोन नद्या जगात पुष्कळ ठिकाणी भेटतात, पण कृष्णा आणि कोयना जशा समोरासमोर येऊन मिठी मारतात आणि मग हातात हात घालून पूर्वेला वळतात, तसे क्वचित पाहायला मिळते. यशवंतरावांच्या समाधीजवळ बसून आम्ही सौ.नी दिलेल्या दशम्या खाल्ल्या.

कोयनेचे नाव निघाले की आमच्या पिढीला ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. मी पहिलीत होतो. फळीवरची भांडी खाली आली आणि आईने मला पांघरुणासकट उचलून अंगणात नेले. कोयनानगरला पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. भाच्याने ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "धक्का कुठं बसला हे कसं कळलं, सांगा बघू."

जिथे जवळचे यंत्र असेल तिथे हादरा आधी पोचतो, दूरच्या यंत्राला उशिरा. चार ठिकाणच्या वेळा मांडल्या की धक्क्याचा उगम नकाशावर सापडतो. कराडजवळ हजारमाचीला आज केंद्र सरकारची या कामाची प्रयोगशाळा आहे. २०१७ साली कोयनेच्या मुलखात गोठण्याला त्यांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडले, भूकंपाच्या जवळ जाऊन ऐकावे म्हणून. विश्वकिरणांच्या सरीचीही तीच रीत. मांडा तिरका येत असेल तर एक कड आधी टेकते, दुसरी मागाहून. कोणत्या यंत्रावर आधी थेंब पडला आणि कोणत्यावर नंतर, यावरून सर कुठल्या दिशेने आली ते काढतात. फरक एवढाच, की भूकंपाचा हिशेब सेकंदांत होतो आणि इथे सेकंदाच्या अब्जाव्या भागात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त एक फूट पुढे सरकतो.

कराडहून तासगावला जाणारी बस चांगलीच भरली होती, त्यामुळे दुसरे प्रकरण उभ्याउभ्याच राहिले.

तासगावात भाच्याचे चुलते असतात. गणपतीच्या देवळाचे दाक्षिणात्य थाटाचे उंच गोपूर दिसू लागले की त्यांचा मळा जवळ आला समजायचे. चार एकर द्राक्षबाग, त्यातली बरीचशी तास-ए-गणेश. ही जात या तासगावचीच. बागेच्या एका अंगाला शेड, त्यात जाळीच्या फळ्यांवर बेदाणा वाळत घातलेला. माघ-फाल्गुनात या भागात हवेलाच एक आंबटगोड वास असतो. काका मंडपाखाली वाकून घड तोडत होते. आम्हांला पाहून त्यांनी कात्री खिशात टाकली.

"काय रे, तू म्हणे द्राक्षं पिकवायला उटीला निघालास?"

ही थट्टा नव्हे, किंवा अर्धीच थट्टा आहे. उटीच्या त्या प्रयोगाचे नावच मुळी 'ग्रेप्स-३'! लांबलचक इंग्रजी नावातली आद्याक्षरे जुळवली आणि द्राक्षे झाली. तासगावच्या घरात जन्मलेल्या मुलाने नेमक्या याच प्रयोगाच्या मागे लागावे, हा योगायोग काकांना फार आवडला होता. बहिणीला तो मुळीच आवडला नव्हता.

"बाग केवढी आहे?" काकांनी विचारले.

"पंचवीस हजार चौरस मीटर."

"एकरांत सांग."

"सव्वासहा एकर. त्यात चारशे पेट्या. प्रत्येकीत एक चौरस मीटरचा चमकणाऱ्या प्लॅस्टिकचा पट. दोन पेट्यांत आठ मीटर अंतर."

"सव्वासहा एकरांत चारशे झाडं! आणि ओळीत आठ मीटर? कुठल्या सोसायटीनं कर्ज दिलं रे तुम्हांला?"

पण ही बाग पिकते भरघोस. दिवसाला सुमारे तीस लाख सरी तिथे नोंदल्या जातात. उटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटर उंच. म्हणजे डोक्यावरची हवा खालच्यापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी. सर वाटेत विरून जाण्याआधी हाती लागते. जपानातल्या ओसाकाच्या विद्यापीठाच्या मदतीने हा प्रयोग उभा राहिला. आणि त्याची खरी गंमत पेट्यांत नाही, पेट्यांच्या जोडीला जमिनीलगत दोन मीटर जाड काँक्रीटखाली जे दडवले आहे त्यात आहे. तिथे ३,७१२ लोखंडी नळ्या आहेत, प्रत्येक सहा मीटर लांबीची. एकूण ५६० चौरस मीटर. काकांच्या भाषेत साडेपाच गुंठे. सरीतले इलेक्ट्रॉन काँक्रीटमध्येच अडकतात. आरपार जातात ते म्यूऑन नावाचे कण, इलेक्ट्रॉनचेच पण सुमारे दोनशेपट वजनदार भाऊबंद.

पेट्या आणि नळ्या दोन्ही कशाला? इथे मला दिवाळीचा उपयोग झाला. तेवढीच दारू एका बाणात ठासली काय आणि छपन्न लवंग्यांत वाटली काय, दारूचे वजन एकच. पण आवाज निराळा. प्रोटॉन म्हणजे एक बाण. लोखंडाचे अणुकेंद्र म्हणजे छपन्न कणांची माळ. दोघांची शक्ती सारखी असली तरी लोखंडाची माळ हवेत अधिक उंचावर फुटते आणि जमिनीवर म्यूऑन जास्त पोचवते. नुसत्या पेट्या पाहिल्या तर दोघांत घोटाळा होतो. पेट्यांत किती आणि काँक्रीटखाली किती, ही जोडी मांडली की बाण कोणता आणि माळ कोणती ते वेगळे काढता येते. आणि विश्वातली कोणती भट्टी कोणता माल पाठवते, हे कळायला तेवढी एकच वाट आहे. कारण हे कण विद्युत्‌भारित, ताऱ्यांमधल्या चुंबकी क्षेत्रांत त्यांच्या वाटा इतक्या वाकतात की नुसत्या दिशेवरून बहुतेकांचे गाव सापडत नाही.

काकांनी हे सगळे बेदाणा निवडत ऐकले. मग म्हणाले, "हे झालं वरचं. मला खालचं सांग. मागच्या फाल्गुनात दहा मिनिटं गारा पडल्या आणि या पलीकडच्या दीड एकरात एक घड उभा राहिला नाही. व्यापारी सौदा करून गेला होता. तुमच्या चारशे पेट्यांतून गारा कळतात का?"

कुणी काही बोलले नाही. शेडवरचा पत्रा उन्हाने तडतडत होता.

"गारा नाही कळत," भाचा म्हणाला. "पण ढग कळतो."

आणि त्याने १ डिसेंबर २०१४ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी उटीवर एक वादळी ढग आला आणि काँक्रीटखालच्या म्यूऑनांची संख्या अठरा मिनिटे दोन टक्क्यांनी घटली. म्यूऑन दोन जातीचे, धन आणि ऋण. त्यांत धन थोडे अधिक. ढगातल्या विजेचा दाब एकाला ढकलतो आणि दुसऱ्याला अडवतो. अडवलेल्यांपैकी काहींना मग दोन मीटर काँक्रीट भेदण्याचे त्राण उरत नाही. किती घटले त्यावरून दाब काढला, तो निघाला एक अब्ज तीस कोटी व्होल्ट! आपल्या घरात असतो २३०. त्यापूर्वी ढगांत फुगे सोडून जे मोजले होते, त्यातला सर्वांत मोठा आकडा याच्या दहाव्या हिश्शाचा होता. फुगा ढगातून एका रेषेत जातो; म्यूऑन सगळ्या ढगातून एकदम येतात. इतका प्रचंड दाब ढगात असू शकेल असे सी. टी. आर. विल्सन या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात म्हणून ठेवले होते. प्रत्यक्ष मोजला गेला तो उटीला, आणि २०१९ साली जगापुढे आला. हा विल्सन स्कॉटलंडच्या डोंगरावर ढग पाहत बसे. त्यातूनच त्याने बाटलीत ढग करण्याचे यंत्र बनवले, आणि त्या ढगातल्या रेघांनी विश्वकिरणांचे कितीतरी कण प्रथम दाखवले. ढगापासून कणापर्यंत तो गेला, आता कणांपासून ढगापर्यंत हे लोक परतले.

"महाबळेश्वरलाही आहे ना रे ढगांची एक प्रयोगशाळा?" मी विचारले. जिल्ह्याचा अभिमान, दुसरे काय.

"आहे, २०१२ पासून. पुण्याच्या हवामानसंस्थेची. ते ढगातले थेंब मोजतात. आणि काका, तुमच्या मोबाइलवर 'दामिनी' आहे ना? तीही त्यांचीच. ठिकठिकाणी यंत्रं ठेवून, वीज पडल्याचा रेडिओचा खडखडाट कुठं आधी पोचला, कुठं नंतर, त्यावरून सांगतात."

"आहे की. ती वाजली की गडी माणसं बागेतून आत घेतो. तारांचा मंडप आहे हा, विजेला आवतणच." काकांनी एक घड उन्हाकडे धरून पाहिला. "पण ती विजेचं सांगते. गारांचं नाही सांगत. तुमच्या अब्ज व्होल्टांनी गारा थांबतील?"

"नाही. ढगाच्या पोटात काय आहे तेच अजून पुरतं माहीत नाही."

वाटले, काका आता हसतील. ते म्हणाले, "पान पिवळं पडलं तर डाऊनी आहे का भुरी, ते भिंगाखाली पाहिल्याशिवाय आम्हीपण फवारणी करत नाही." आणि उठून त्यांनी आमच्यासाठी दोन पेट्या भरायला सांगितल्या. द्राक्षांच्या.

सांगलीला पोचेतो दिवस कलला. गणपतीचे दर्शन घेतले, आणि बहिणीकडे चहा घेऊन आम्ही चौघे हरिपूरला निघालो: बहीण, मेहुणे, भाचा आणि मी. हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते. साताऱ्यापासून ही नदी ठिकठिकाणी आपल्या बहिणींना पोटात घेत येते आणि इथे येईपर्यंत चांगली भरदार, संथ होते. संगमेश्वराच्या घाटावर शिवरात्रीच्या जत्रेचा पाला-पत्रावळी अजून पडलेला होता.

हरिपूरची खरी नवलाई मात्र जमिनीखाली आहे. इथे हळदीची पेवे आहेत. वरून पाहिले तर साधी मोकळी जागा. खाली विहिरीसारखे खोल पोट. आत पाला-गवताचे अस्तर देऊन हळकुंडे भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचे. हवा नाही, कीड नाही, वर्षानुवर्षे हळद तशीच राहते. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा जीव घेते. २००५ च्या पुरात यातली कितीतरी पेवे पाण्याने गेली. उरली त्यांच्याकडे आता सांगलीकर जरा हळवेपणाने पाहतात.

मेहुण्यांनी एका लिंपलेल्या तोंडावर पाय ठेवून विचारले, "इथं तरी नाही ना पोचत तुझा पाऊस?"

"पोचतो की, बाबा. म्यूऑनच पोचतात फक्त. आमचं काँक्रीट म्हणजे असंच पेव. बाकीचं सगळं वर अडवायचं आणि खाली काय उतरतं ते मोजायचं." मग त्याने कोलारच्या सोन्याच्या खाणीचे सांगितले. दोन किलोमीटरहून खोल, जिथे म्यूऑनही अगदी विरळ होतात, तिथे टाटा संस्थेच्या लोकांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर यंत्रे लावली आणि १९६५ साली, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो प्रथम टिपले. ती खाण २००१ साली बंद झाली. मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले. सोन्याच्या खाणीत उतरून ही मंडळी सोने सोडून हे शोधत होती, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला.

बहीण माझ्या शेजारून हळू चालत होती. "सांगितलेस का दोन शब्द?"

"कधी सांगणार? सव्वाशे किलोमीटर तोच बोलत होता."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पुढे हाक मारली, "अरे, तिथं थंडी फार असते का रे?"

"असते थोडी."

"मग ती जुनी लोकर उसवून ठेवलीय, तिचं काहीतरी करते." आणि ती पेवाच्या मालकाकडे वळून हळदीचा भाव विचारू लागली.

जूनमध्ये भाचा उटीला गेला. पुण्याच्या पत्राला त्याने नम्र नकार कळवला. रात्रपाळी असली की फोन करतो, पण त्याचे मुख्य गिऱ्हाईक मी नव्हे. ऑक्टोबर छाटणी झाल्यापासून तासगावचे काका दर आठवड्याला त्याला फोन लावतात. फुटवे कोवळे असतात, मनातून धास्ती जात नाही. पश्चिमेला कुठे गडगडले की काका इकडून विचारतात, "काय रे, तुमच्याकडे आज किती व्होल्ट?"